रात्री दोनला किंकाळी (सोसायटी ग्रुप, मंगळवार ७ मे २०१९)

जोशीकाकू बी-३०२: अक्षय्य तृतीयेच्या शुभेच्छा. रात्री दोनला वरून किंकाळी आली. ह्यांचं बीपी वाढलं. कुठला फ्लॅट ते सगळ्यांना ठाऊक आहे.

रोहन बी-४०२: सॉरी काकू 🙏 प्रीमियर लीगच्या फुटबॉल मॅचमध्ये लेस्टरविरुद्ध ७० व्या मिनिटाला कोम्पनीने २५ यार्डांवरून गोल मारला. राहवलं नाही.

कुलकर्णीकाका ए-१०१: कुठली कंपनी? शेअर चढला का?

रोहन: काका, व्हिन्सेंट कोम्पनी. बेल्जियमचा डिफेंडर, मँचेस्टर सिटीचा कॅप्टन.

खजिनदार: टँकरचे ४०० रुपये बी विंगमधून अजून आले नाहीत.

जोशीकाकू: डिफेंडर म्हणजे अडवणारा ना? मग तो गोल मारायला कशाला गेला?

रोहन: तेच तर! ‘मारू नको, मारू नको’ असं ओरडणं त्याला ऐकू येत होतं म्हणे. लीगमध्ये गोलसमोरच्या बॉक्सबाहेरून पहिलाच गोल त्याचा.

सावंत सी-२०५: तुक्का. एरवी पोटरी धरून बाहेरच. २०१६ ची युरो स्पर्धासुद्धा दुखापतीत गेली.

रोहन: सावंतकाका, ३० एप्रिल २०१२. तुमच्या मँचेस्टर युनायटेडविरुद्ध हेडरने गोल. १-०. आठवतंय?

सावंत: सिटीच्या अबू धाबीवाल्या मालकांचा पैसा. जाऊ दे, सणाच्या दिवशी बोलायला लावू नका.

रोहन: तो पैशाच्या आधी आला! १७ व्या वर्षी अँडरलेख्ट क्लब, मग हॅम्बुर्ग, २२ ऑगस्ट २००८ ला सिटी. मालक बदलायचं जाहीर झालं १ सप्टेंबरला.

खजिनदार: टँकर. ४००. बी विंग.

कुलकर्णीकाका: शिकलाय का काही, की नुसताच बॉल?

रोहन: खेळता खेळता मँचेस्टरला एमबीए केलंय.

कुलकर्णीकाका: वा. तुझी सीए फायनल कुठवर आली?

सावंत: 😂😂😂

रोहन: काका, ग्रुपवर नको.

सेक्रेटरी: कोम्पनीचे वडील काँगोतून निर्वासित म्हणून आले आणि गेल्या वर्षी ब्रुसेल्समधल्या गान्सहोरेनचे महापौर म्हणून निवडून आले. आपल्याकडे कमिटीला एक माणूस उभा राहत नाही. एजीएमला नऊ जण होते, त्यातले दोघे चहाला.

जोशीकाकू: आम्ही लग्नाला गेलो होतो, कळवलं होतं तसं. मूळ मुद्दा आवाजाचा आहे.

रोहन: काकू, लीगमध्ये सिटीचे ९५ पॉइंट, लिव्हरपूलचे ९४, एकच मॅच उरलीय. ब्राइटनविरुद्ध, रविवारी संध्याकाळी साडेसातला.

जोशीकाकू: साडेसात चालेल. खिडक्या लावून ओरड.

खजिनदार: बी-४०२ चेच ४०० बाकी आहेत, नाव घ्यायचं नव्हतं.