मसाल्याच्या गिरणीचा हिशेब वहीतून सॉफ्टवेअरवर न्यायचा आहे, मुनीमकाकांना सोबत घेऊन

मस्कासाथची_लेक

नमस्कार मंडळी. नागपुरात मस्कासाथला आमचं मसाल्याचं ठोक दुकान आहे, मागे मिरची-हळदीची गिरणी. आता व्यवहार बाबांनी माझ्याकडे दिलाय. माल मुख्यतः कळमना बाजारातून येतो, हंगामात भिवापुरी मिरची वेगळी घेतो. जीएसटीचं बिल कॉम्प्युटरवर निघतं, रिटर्न सीए भरतात. पण कोणत्या गोदामात किती पोती, उमरेडच्या दुकानदाराकडे किती उधारी, कोणाला किती दिवसांची मुदत, हे सगळं मुनीमकाकांच्या लाल वहीत. काका गावी गेले की आम्हाला माल असून सांगता येत नाही.

परवा एक सॉफ्टवेअरवाला डेमो देऊन गेला. त्याच्या पडद्यावर 100 किलो मिरची आत गेली आणि 100 किलो तिखट बाहेर आलं. काकांनी शांतपणे विचारलं, "बेटा, देठं कुठं गेली? अन् घट?" त्याच्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हापासून काका म्हणतात, हे आपल्या कामाचं नाही. मला ते कामाचं वाटतं, आणि काकांना डावलूनही काही करायचं नाही. तुमच्याकडे कसं जमलं? उलाढाल 5 कोटींच्या आसपास आहे, त्यामुळे ई-इन्व्हॉइसचंही (सरकारी पोर्टलवर नोंदवायचं बिल) टेन्शन आहे.

हिंगणा_फॅब्रिकेशन

ताई, काकांचा सवाल एकदम बरोबर आहे. ज्याला तो सोडवता येत नाही त्याला एक रुपया देऊ नका. आमच्याकडं पत्रा कापला की स्क्रॅप निघतं, ते धरलं नाही तर स्टॉक कधीच जुळत नाही. तुमचं तर आणखी अवघड, कारण घट बदलती. नव्या मालात ओल जास्त, मे महिन्यातला माल कडक वाळलेला. म्हणून "घट इतके टक्के" असं एकदाच टाकून मोकळे होऊ नका. प्रत्येक लॉट दळायला जाताना तोला, देठं वेगळी तोला, तिखट बाहेर आलं की पुन्हा तोला. तिन्ही आकडे सॉफ्टवेअरमध्ये गेले पाहिजेत. हे करून दाखव म्हणा त्याला, तुमच्याच गिरणीत, तुमच्याच मालावर.

दुसरं, मालाची यादी काकांनाच करू द्या. आमच्या स्टोअरमध्ये दादा वर्षानुवर्षं सळई सुतात मोजत आले. 12 एमएम म्हणजे चार सूत, 10 एमएम म्हणजे तीन सूत. सॉफ्टवेअरवाल्यानं फक्त एमएम टाकलं होतं, तर दादा पडद्याकडं बघतच नव्हते. मग प्रत्येक वस्तूला दुसरं नाव द्यायची सोय वापरली, "चार सूत" टाइप केलं तरी तीच सळई उघडते. आता स्टॉक तेच बघून राहिले. तुमच्याकडंही देठाची, बिनदेठाची, भिवापुरी, गुंटूरची, काका ज्या नावानं पोतं ओळखतात तेच नाव पडद्यावर पाहिजे.

अन् वही बंद करू नका. संध्याकाळी वही आणि पडदा समोरासमोर ठेवा. फरक आला तर गोदामात जाऊन पोती मोजा. कधी वही खरी निघेल, कधी पडदा, अन् दोन्ही वेळा काका तिथं उभे असले पाहिजेत. आधी स्टॉक बसू द्या, उधारी नंतर. दोन्ही एकदम काढलं तर माणसं घाबरतात.

रिटर्नवाली_धंतोली

ई-इन्व्हॉइसबद्दल. 1 ऑगस्ट 2023 पासून मर्यादा 5 कोटी आहे, आणि ती फक्त गेल्या वर्षाची बघायची नसते. 2017-18 पासून कोणत्याही एका आर्थिक वर्षात, त्या पॅनवरची एकूण उलाढाल 5 कोटींच्या वर गेली असेल तर लागू. जुनी वर्षं सीएंकडून आजच तपासून घ्या. हे फक्त नोंदणीकृत व्यापाऱ्याला दिलेल्या बिलांना, काउंटरवरच्या किरकोळ गिऱ्हाईकाला नाही.

ई-वे बिल, म्हणजे माल गाडीतून पाठवताना काढायचं ऑनलाइन बिल, मात्र वेगळं. उमरेडला माल गेला तर राज्यातली मर्यादा 1 लाख रुपयांच्या मालाची, मध्य प्रदेशात छिंदवाडा किंवा सिवनीला गेला की 50 हजारांची. दोन्ही एकाच पडद्यावरून निघतील असंच सॉफ्टवेअर घ्या, पोर्टलवर पुन्हा टाइप करताना आकडे चुकतात.

इतवारी_किराणा

दोनच गोष्टी. थर्मल प्रिंटर ठोकच्या बिलाला घेऊ नका. नागपूरच्या उन्हात गाडीच्या काचेमागं ठेवलेलं बिल वाचता येत नाही, मग उधारीच्या वेळी वाद. आम्ही डॉट मॅट्रिक्सच ठेवला, कार्बनची प्रतही मिळते. आणि पैसे देण्याआधी सगळा डेटा एक्सेलमध्ये काढून दाखवायला सांगा. नाही निघाला तर नमस्कार करून मोकळं व्हा.

मस्कासाथची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. काकांना वाचून दाखवलं. लॉटची वजनं ते पहिल्यापासून वहीच्या मागच्या पानांवर लिहितात, हे मला आज कळलं! यादी करायला ते तयार आहेत. फक्त म्हणाले, कॉम्प्युटर गिरणीत नको, तिखटाची धूळ बसेल. काटा तर गिरणीतच आहे. काय करावं?

हिंगणा_फॅब्रिकेशन

कॉम्प्युटर पेढीवरच राहू द्या. इलेक्ट्रॉनिक काट्याच्या मागं नऊ पिनांचं सॉकेट आहे का बघा. असेल तर तिथून वायर पेढीपर्यंत ओढता येते, वजन आपोआप पडद्यावर येतं. नसेल तर काका चिठ्ठीवर लिहून देतील अन् पोऱ्या पेढीवर चढवेल, तेही चालतं. सॉकेट बसवायला काटा कोणाकडूनही उघडू नका, सील तुटलं तर वैधमापनवाल्यांकडून पुन्हा मुद्रांकन करून घ्यावं लागेल. काट्याचा फोटो टाका, सांगतो.