साठीपुढचे धावपटू: टीएमटी निगेटिव्ह आली, आता निर्धास्त राहावं का?

नमस्कार मंडळी, जाणकारांचा सल्ला हवा आहे.

माझे बाबा ६१ वर्षांचे आहेत. वयोगटाच्या स्पर्धांत पळतात, आणि हौसेपुरतं नाही, नंबरासाठी पळतात. अलीकडे चढावर त्यांना लवकर दम लागतो. छातीत दुखत नाही, चक्कर येत नाही. ते म्हणतात, वय झालं. मला पटत नाही, कारण सपाटीवरचा वेग फारसा उतरलेला नाही आणि त्यांच्या सख्ख्या भावाला पन्नाशीच्या आत हार्ट अटॅक येऊन गेला आहे.

ईसीजीत ठोके संथ आहेत, पण वर्षानुवर्षं पळणाऱ्यांत ते चालतं असं सांगितलं. टू-डी एको (हृदयाची सोनोग्राफी) ठीक. टीएमटी, म्हणजे ट्रेडमिलवर चालवून-पळवून घेतलेला ईसीजी, निगेटिव्ह, म्हणजे दोष दिसला नाही. मात्र रिपोर्ट नीट वाचला तेव्हा दिसलं की टेस्ट १३६ ठोक्यांवरच थांबवली आहे. २२० वजा वय हा कमाल ठोक्यांचा अंदाज आणि त्याचे ८५ टक्के, असा तो हिशोब. शर्यतीत बाबांचे ठोके १६० च्या वर जातात! म्हणजे ज्या ताणाची मला काळजी आहे, तो तपासलाच गेला नाही. टेस्ट पुन्हा करा म्हणून आग्रह धरावा का?

दुसरी शंका मोठी आहे. पस्तिशीनंतर खेळताना अचानक मृत्यू येतो, त्यामागे बहुतेकदा हृदयाच्या रक्तवाहिन्यांतला आजार असतो. टीएमटीत दिसतो तो रक्त अडवण्याइतका मोठा अडथळा. रक्तवाहिनीच्या आत साचलेला चरबीचा लहान, मऊ थर फुटून गुठळी झाली तरी अटॅक येतो, आणि तो थर टीएमटीला कळत नाही. मग कॅल्शियम स्कोअर (हृदयाच्या रक्तवाहिन्यांत साचलेलं कॅल्शियम सीटी स्कॅनने मोजणं) करावा का? पण दीर्घ पल्ल्याचं पळणाऱ्या पुरुषांत तो इतरांपेक्षा जास्त निघू शकतो असं वाचलं. आकडा मोठा आला तर घाबरायचं की नाही?

बाबांना जिम फिक्स यांचं उदाहरण दिलं. अमेरिकेत जॉगिंग लोकप्रिय करणारे फिक्स १९८४ मध्ये, ५२ व्या वर्षी, पळायला गेले असताना गेले. बाबा म्हणाले, "ते आधी सिगारेट ओढायचे." खरंय. पण फिक्स यांचे वडीलही ४३ व्या वर्षी हृदयविकारानेच गेले होते. घरातला इतिहास पळून पुसला जात नाही, हे त्यांना कसं समजावू?

प्रतिसाद

ताई, चढावर नव्याने लागणारा दम हे लक्षण धरा. निकाल लागेपर्यंत शर्यत आणि जोराचा सराव दोन्ही बंद. खेळाडू तपासणाऱ्या हृदयरोगतज्ज्ञांकडे जा आणि ठरावीक ठोक्यांवर न थांबता, बाबा स्वतः थकेपर्यंत टेस्ट घेता येईल का ते विचारा. लक्षण असताना नुसत्या कॅल्शियम स्कोअरवर थांबू नका, त्यात मऊ थर दिसत नाहीत. सीटी अँजिओग्राफीत (औषध टोचून काढलेला रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन) दिसतात, तिच्याबद्दल विचारा. हिमोग्लोबिनही बघा, ते कमी असलं तरी दम लागतो.

स्कोअर जास्त आला म्हणजे पळणं संपलं असं नाही. एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल), रक्तदाब, घरातला इतिहास यांच्यासोबत तो वाचतात. स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारं औषध) सुरू केल्यावर थर घट्ट होऊन आकडा वाढूही शकतो, त्यामुळे दरवर्षी तो मोजत बसू नका.

बाबा घड्याळ लावून पळत असतील तर चढावरच्या ठोक्यांची नोंद सोबत न्या. ठोके मध्येच अनियमित होतात का हेही त्यांना विचारा. बरीच वर्षं पळणाऱ्या पुरुषांत एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे ठोके अनियमित पडण्याचा आजार) जास्त आढळतं, आणि दम त्यानेही लागतो.