सोसायटी ग्रुप: गच्चीवरचा फ्लडलाइट

बी-३०२ काकू: आज बागेत तळ्याच्या कडेला एक नवीनच पक्षी बघितला. वरून करडा, शेपटीखाली पिवळाधमक आणि शेपटी सारखी वरखाली. मिनिटभर स्वस्थ राहील तर शपथ. फोटो हललाय, पण कोण असेल?

ए-१०४ आजोबा: धोबी. वर्षभर असतो की.

सी-६०१: आजोबा, वर्षभर असतो तो मोठा धोबी, काळा-पांढरा. काकूंचा हा करडा धोबी. हिमालयातल्या ओढ्यांकाठी वीण उरकून इकडे येतो. हिवाळी पाहुण्यांत अगदी पहिल्या काहींमधला, ऑगस्ट संपता संपता हजर. मी दरवर्षी वाट बघतो त्याची.

बी-५०३: ऑगस्टमध्ये कसला हिवाळा? बाहेर पाऊस पडतोय.

सी-६०१: आपल्याकडे पाऊस, तिकडे उत्तरेत उन्हाळा सरत आला. थंडी पडेपर्यंत थांबले तर उपाशी मरतील. दिवस लहान व्हायला लागला की त्यांच्या अंगातलं घड्याळ वाजतं. मग नुसतं खात सुटायचं, चरबी साठवायची आणि निघायचं. काही छोटे पक्षी निघताना वजनाने जवळजवळ दुप्पट झालेले असतात.

ए-१०४ आजोबा: माझंही तसंच झालंय. फक्त मी निघत नाही कुठे.

सेक्रेटरी: लिफ्ट क्र. २ दुपारी २ ते ४ बंद राहील. नोंद घ्यावी.

डी-२०१ ताई: अहो, पक्ष्यांचंच चाललंय म्हणून विचारते. लॉबीच्या काचेवर आत्ता थाडकन काहीतरी आपटलं. पायरीवर एवढंसं पिल्लू पडलंय, हिरवट रंगाचं. डोळे मिटतंय. चोचीत पाणी घालू का?

सी-६०१: पाणी अजिबात नको, श्वासनलिकेत जाईल! बुटांचा रिकामा खोका घ्या, तळाला जुना रुमाल, झाकणाला चार भोकं. अंधारात, शांत ठिकाणी ठेवा. मुलांना सारखं उघडून बघू देऊ नका. तासाभराने बागेत नेऊन उघडा, तरी उडाला नाही तर पक्ष्यांच्या डॉक्टरकडे. आणि ते पिल्लू नसावं, वटवट्या वाटतोय. पूर्ण वाढलेला हिरवट वटवट्यासुद्धा दहा ग्रॅम भरत नाही.

डी-२०१ ताई: दहा ग्रॅम?? आणि एवढ्या लांबून उडत?

सी-६०१: तेही रात्री. हवा गार, वारा शांत, शिकरे झोपलेले. दिवसा बागेत उतरून खातात, म्हणून सकाळी अचानक नवे चेहरे दिसतात आणि दोन दिवसांनी गायब. आता जरा कडू बोलतो. आपला गच्चीवरचा फ्लडलाइट आणि लॉबीत रात्रभर जळणारे दिवे यांना इकडे ओढतात. उजाडलं की काचेत समोरचं झाड दिसतं, आणि हे खरं समजून त्यात झेपावतात.

सेक्रेटरी: फ्लडलाइट सुरक्षेसाठी आहे. सभेत ठराव झालेला आहे.

बी-५०३: सुरक्षा कुणाची, ढगांची? वर तोंड करून लावलाय तो. पक्ष्यांचं राहू द्या, माझ्या बेडरूममध्ये रात्रभर दुपार असते.

सी-६०१: शिकागोत ५ ऑक्टोबर २०२३ रोजी एकाच इमारतीपाशी हजाराच्या आसपास पक्षी मेलेले सापडले होते. नंतर तिथे काचांवर ठिपक्यांची फिल्म लावली, तेव्हा आकडा एकदम खाली आला. न्यूयॉर्कमध्ये ११ सप्टेंबरच्या स्मृतीसाठी आकाशात प्रकाशझोत सोडतात. त्यात हजारावर पक्षी घिरट्या घालू लागले की वीसेक मिनिटं झोत बंद करतात. ते असले दिवे बंद करू शकतात, आपला तर पाण्याच्या टाकीवरचा आहे.

ए-१०४ आजोबा: काचेवर गरुडाचा स्टिकर लावू. नातवाकडे ढीग आहे.

सी-६०१: एकाने भागत नाही आजोबा, बाजूच्या काचेवर आपटतात. बाहेरून ठिपके हवेत, दर दोन इंचांवर.

ए-१०४ आजोबा: दोन इंचांवर? मग नातवालाच बसवतो कामाला. मोबाइल तरी सुटेल.

सेक्रेटरी: ठीक आहे. फ्लडलाइट खाली वळवून रात्री १० नंतर बंद, ऑक्टोबरअखेरपर्यंत. गेटचे दिवे चालूच राहतील. सी-६०१ यांनी लेखी अर्ज द्यावा.

सी-६०१: अर्ज पक्ष्यांच्या वतीने की माझ्या?

डी-२०१ ताई: खोका उघडला! आधी माझ्याकडे टकामका बघत बसला. हात पुढे केला तर बोटावर चोच मारली, एवढ्याशा जिवाने! मग रुमालावर शिटून सरळ झाडात.

बी-३०२ काकू: माझा धोबी अजून तळ्यावरच आहे. फोटो परत हललाय.