अनुभव धागा: म्हाताऱ्या माणसांना त्यांच्याच घरात सुखरूप राहता यावं म्हणून तुम्ही काय काय बदललंत? (गोवा)

सावईवेऱ्याची सून
आमच्या वाड्यावर गेल्या पावसाळ्यात एकापाठोपाठ म्हातारी माणसं पडली, कोणी न्हाणीत तर कोणी मागच्या पायऱ्यांवर, आणि प्रत्येक घरात दांडी, कठडा, लाईट हे सगळं आलं ते माणूस गोमेकॉतून (गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलातून) परत आल्यावर. हे आधी का करू नये म्हणून हा धागा काढतेय. गोव्यातल्या घरांबद्दल लिहा प्लीज, चिऱ्याच्या (लाल जांभ्या दगडाच्या) भिंती, तीन महिने धो धो पाऊस, शेवाळ, जाणारी लाईट, हे सगळं धरून. बाहेरच्या व्हिडिओत दाखवतात ती घरं आपली नव्हेत.

माझं सांगते. सासूबाई ७९ च्या, घर सोडून पणजीला फ्लॅटवर यायला तयार नाहीत आणि त्यांनी येऊही नये असंच मला वाटतं, त्यांची तुळस, कुळागर (नारळ-पोफळीची बाग), संध्याकाळी सोप्यावर येऊन बसणारी शेजारीण सगळं तिकडेच आहे. एक दिवस सुट्टी घेऊन मी सकाळपासून नुसती त्यांच्या मागे मागे फिरले. त्या कुठे हात टेकतात तेवढंच बघितलं. भिंतीवर त्यांच्या हाताचे काळपट डाग पडलेले, न्हाणीच्या दाराशी, देवखोलीच्या चौकटीवर, मागच्या पडवीतल्या खांबावर, सगळे साधारण कमरेच्या उंचीला. गवंड्याला म्हटलं जिथे डाग तिथे दांडी, दुसरीकडे कुठे नको. तो स्वतःच्या उंचीने लावायला निघाला होता, मग सासूबाईंनाच उभं करून पेन्सिलीने खुणा केल्या. त्यांचा हात आपसूक तिथेच जातो त्यामुळे सवय करायला लागली नाही.

फोंड्याहून
सगळ्यात आधी न्हाणी. बाकी सगळं नंतर. टॉवेलची दांडी ही धरायची दांडी नव्हे हे सगळ्यांना ओरडून सांगावंसं वाटतं, माणूस पाय घसरला की हाताला लागेल ते पकडतो आणि ती दांडी स्क्रूसकट हातात येते. ते रबरी कपवाले चिकटवायचे हँडलसुद्धा नकोच, ओल्या टाइलवर ते कधी सुटतील सांगता येत नाही.

आणि जुन्या चिऱ्याच्या भिंतीचं एक ध्यानात ठेवा. आमच्याकडे ड्रिल मारलं की लाल पूड गळत राहायची, भोक मोठं होत जायचं, साधा प्लग धरेचना. शेवटी मेस्त्रीने थ्रेडेड रॉड आरपार काढून भिंतीच्या पलीकडे लोखंडी प्लेट लावली आणि नटाने आवळलं. बाहेरून दिसायला बरं नाही पण मी पूर्ण वजन टाकून लोंबकळून बघितलं, हललं नाही. बाबा कमोडवरून उठताना तीच धरतात. कमोडची सीटही वर प्लास्टिकची जाड उंची वाढवायची सीट बसवून उंच केली, गुडघ्यांना फार फरक पडला.

डिचोलीकर
शेवाळ! आमचं राजांगणाचं, म्हणजे मध्ये उघडा चौक असलेलं घर आहे, जूनपासून ऑक्टोबरपर्यंत चारी बाजूंनी पागोळ्या आणि फरशीला हिरवा थर. दर आठवड्याला ब्लिचिंग पावडर टाकून थोडा वेळ ठेवतो आणि काथ्याच्या ब्रशने घासून काढतो. एक सांगतो, ब्लिचिंग पावडर आणि टाइल धुवायचं अ‍ॅसिड एकत्र कधीही टाकू नका, क्लोरीनचा विषारी वायू निघतो, बंद न्हाणीत तर जिवावर बेतेल. पायऱ्यांवर आम्ही गुळगुळीत ग्रॅनाइट टाकायचं रद्द केलं, चिरा खरखरीत तसाच ठेवला. आणि दारातलं गोणपाट काढलं, पावसात पाय पुसायला म्हणून टाकतात पण त्याचं टोक दुमडलं की त्यातच पाय अडकतो.

पणजी, फ्लॅटवाली
फ्लॅटमध्ये शेवाळ नाही पण रात्र आहे. आई रात्री दोन-तीन वेळा उठते, बीपीच्या गोळ्या चालू आहेत, झटकन उभी राहिली की चक्कर येते. डॉक्टरांनी सांगितलं आधी पलंगाच्या कडेला बसायचं, पाय हलवायचे, मग उठायचं. पलंगाची उंचीही महत्त्वाची, बसल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत. पलंगापासून बाथरूमपर्यंत खाली, घोट्याच्या उंचीला, सेन्सरवाले छोटे दिवे लावले, ती उठली की आपोआप लागतात, डोळ्यावर येत नाहीत. ते इन्व्हर्टरवर घ्या किंवा बॅटरीवाले आणा कारण पावसात लाईट नेमकी रात्रीच जाते. पलंगाशेजारी टॉर्च असतोच. टीपॉय काढून टाकला. चार्जरच्या वायरी भिंतीलगत क्लिपने बसवल्या. गीझरच्या लाईनला ३० मिलीअँपचा आरसीसीबी (करंट गळला की लाईट तोडणारा स्विच) बसवून घ्या, जुन्या वायरिंगच्या घरात तर नक्कीच.

केपेंहून
आमचा प्रश्न उंबरठ्याचा होता. आईला पाय उचलता येत नव्हता आणि उंबरठा फोडायचा नाही असं बाबांचं ठाम मत, रोज त्याच्यावर रांगोळी असते, त्यांचं बरोबरच आहे. मग दोन्ही बाजूंनी लाकडाचे उतार करून घेतले आणि चौकटीला उभी दांडी लावली. उताराच्या कडेला पिवळा पट्टा मारलाय, मोतीबिंदूवाल्या डोळ्यांना लाल कोब्यावर लाल उंबरठा दिसतच नाही. मागच्या पायऱ्यांनाही तसाच पट्टा. शेवटची पायरी संपली असं समजूनच माणसं जास्त पडतात.

मडगाव, फिजिओथेरपीत काम करते
वरचं सगळं वाचून बरं वाटलं. थोडं माझ्या बाजूचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी ६ लाख ८४ हजार माणसं पडल्यामुळे दगावतात आणि त्यात साठीच्या पुढची सगळ्यात जास्त. म्हणून नुसतं घर बदलून भागत नाही, पायांत ताकद पाहिजे. खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस, ओट्याला धरून टाचा वर करणं, एवढं रोज केलं तरी तोल सुधारतो, आधी डॉक्टरांना विचारून घ्या. घरात मागून पट्टा असलेली, रबरी तळाची चप्पल, झिजलेली स्लिपर टाकून द्या.

कोणी पडलंच तर लगेच काखेत हात घालून ओढून उभं करू नका. आधी विचारा कुठे दुखतंय. मांडी किंवा कंबर दुखत असेल, एक पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसला तर हलवू नका, १०८ ला फोन करा. डोकं आपटलं असेल आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर बाहेरून खोक नसली तरी हॉस्पिटलात न्यायचंच, "म्हाका कांय जावंक ना" (मला काही झालं नाही) म्हणून त्यांनी कितीही सांगितलं तरी. बरं असेल तर कुशीवर वळवून, गुडघ्यांवर आणून, समोर भक्कम खुर्ची ठेवून त्यांचं त्यांना उठू द्या.

दुबईहून, मूळ म्हापसा
आईबाबा दोघंच. बाथरूमच्या आतली कडी काढून बाहेरून नाण्याने उघडता येईल असं लॉक बसवलं आणि दार बाहेर उघडणारं केलं, कारण माणूस आत दारालाच टेकून पडला तर आत ढकलायचं दार उघडतच नाही. शेजारच्या काकींकडे एक चावी. आई सकाळी पुढचा दरवाजा उघडते तो आठपर्यंत उघडा दिसला नाही तर काकी हाक मारतात. घरात कॅमेरा लावायला बाबांनी नको म्हटलं, मी पुन्हा विषय काढला नाही, त्यांचं घर आहे. फोन मात्र गळ्यात दोरीने, पहिल्या बटणावर काकी, दुसऱ्यावर १०८. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइनही भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलीय.

साखळीहून
चतुर्थीचं कोणीच लिहिलं नाही! माटोळी (गणपतीच्या वर टांगतात ती फळं-पानांची चौकट) बांधायला आमचे आजोबा दरवर्षी स्टुलावर चढणार, त्यांच्याशिवाय कोणाला गाठी येत नाहीत. त्यांना नको म्हटलं तर त्यांना फार लागतं. या वर्षी माटोळीची चौकट दोरी-कप्पीने खाली घेतली, त्यांनी खुर्चीत बसून नारळ, सुपारीचे घोस, आंबाडे, सगळं स्वतःच्या हाताने बांधलं आणि मग नातवंडांनी ओढून वर नेली. माळ्यावरची तांब्याची भांडीसुद्धा आता खालच्या फडताळात आणली आहेत, सणाला लागतं ते खांद्याच्या वर ठेवायचंच नाही.

काणकोणहून
आजीला विसरण्याचा आजार आहे. विहिरीवर लोखंडी जाळी आणि कुलूप, मागच्या दाराला वरच्या बाजूला कडी आणि घंटी. घरात कोणीतरी कायम असतंच, तिला आत एकटं कोंडून कोणी जात नाही. गॅस सिलिंडरचा रेग्युलेटर प्रत्येक वेळी बंद करतो. पण तिला कांदा सोलायला, तांदूळ निवडायला देतो, ते तिला अजून छान जमतं.

पेडण्याहून
मागच्या पायऱ्यांना कठडा करायचाय, घर समुद्राजवळ. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप चालेल का?

सावईवेऱ्याची सून
@पेडणे, खाऱ्या हवेत जीआय वेल्डिंगच्या जागी लवकर गंजतो, गंज हाताला लागला की म्हातारी माणसं धरायचंच सोडतात. स्टेनलेस घ्या, समुद्र अगदी जवळ असेल तर ३१६ ग्रेड, महाग आहे पण ३०४ वरही तिथे डाग पडतात. पाइप जाड नको, ३२ ते ४० मिमी, मूठ पूर्ण वळली पाहिजे, आणि भिंतीपासून बोटं आत जातील एवढी जागा सोडायला सांगा. दोन्ही बाजूंना करा, उतरताना दुखरा पाय कुठला त्यावर हात बदलतो. कठडा शेवटच्या पायरीच्या पुढे फूटभर आणा. आणि काम पाऊस सुरू व्हायच्या आधी उरकून घ्या, मे महिन्यात वेल्डर मिळत नाही, आत्ताच सांगून ठेवा.