देवासला रोज जायचंय, दुसरी गाडी घ्यावी का?

लोकमान्यनगरची

आमच्या घरातली एकुलती एक गाडी हे पीथमपूरला नेतात. माझी जानेवारीत देवासला बदली झाली. इंदूरच्या घरापासून कंपनीपर्यंत जवळजवळ ४० किलोमीटर. सगळे म्हणतात, दुसरी गाडी घे, हप्ते भरू. मला नाही घ्यायची. आत्ताच गल्लीत दोन्ही बाजूंना इतक्या गाड्या लागतात की सासूबाई संध्याकाळी फिरायला जायच्या, त्यांनी ते बंद केलंय.

सकाळी बस मिळते. जीव जातो तो परतताना. साडेसहाला सुटून स्टँडवर यावं तर बस उभी, कंडक्टर "इंदौर इंदौर, बस निकल रही है" ओरडतोय. मी चढते, आणि बस हलतच नाही. मंगळवारी शेजारच्या बाईंनी पिशवीतून मटार काढले आणि सोलायला घेतले. दोन किलो तरी असतील. शेवटची शेंग सोलून झाली तेव्हा बस सुटली. घरी पोचायला नऊ वाजले, लेक तोवर झोपलेली.

कोणी रोज जाता का? वेळेवर सुटणारं काही आहे?

जुना निगमवाला

ताई, मी मध्य प्रदेश राज्य परिवहन निगममध्ये, म्हणजे आपल्या सरकारी एसटीत, नोकरी केली आहे. कंडक्टरवर रागावू नका, त्याचं डिझेल तुमच्या तिकिटातून येतं. आमची बस वेळ झाली की अर्धी रिकामी असली तरी निघायची, तोटा निगम सोसायचं. २००५ मध्ये सरकारने निगम गुंडाळायचं ठरवलं आणि सगळे रूट खाजगी परमिटवर गेले. महाराष्ट्रात आणि गुजरातेत एसटी चालू राहिली, आपल्याकडे नाही.

एप्रिल २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने सुगम परिवहन सेवा मंजूर केली. बस खाजगी मालकांच्या, देखरेख सरकारी कंपनीची. मी एकच गोष्ट बघणार: मालकाला पैसे किलोमीटरवर मिळतात की तिकिटांवर. किलोमीटरवर मिळाले तर बस भरायची वाट बघायचं त्याला कारणच राहत नाही.

पासधारक

रेल्वेचा मासिक पास काढा. लक्ष्मीबाई नगर, मांगलिया, बरलई करत देवास. आरक्षित डब्यात चढू नका, आणि सुपरफास्टला जास्तीचे पैसे भरावे लागतात ते आधी विचारून घ्या. कधी लेट होते, पण सीट भरायची वाट बघत गाडी थांबत नाही. तुमच्या घराजवळ हॉल्ट (छोटं स्टेशन) आहे, तिथे देवासची गाडी थांबते का ते बघा, नाहीतर स्कूटर इंदूर स्टेशनवर लावा.

सुदामानगरकर

माझा अनुभव शहरातला आहे, तरी सांगतो. २०१३ मध्ये इंदुरात एबी रोडवर आयबस ही शहर बससेवा सुरू झाली, तिला वेगळी लेन होती. किती वाजता पोचणार हे सकाळीच ठाऊक असायचं, म्हणून मी गाडी घरी ठेवायला लागलो. फेब्रुवारी २०२५ मध्ये हायकोर्टाने ती लेन काढायला सांगितलं. बस त्याच गर्दीत अडकायला लागली आणि मी पुन्हा गाडी काढली. याचं मला अजून वाईट वाटतं. मेट्रो त्याच वर्षी मे महिन्यात आली, पण सुरुवातीचा टप्पा गांधीनगरकडचा, सहाएक किलोमीटरचा. देवासवाल्यांच्या वाटेवर तो येत नाही.

लोकमान्यनगरची

काका, किलोमीटरचं लक्षात आलं. आमच्या वॉर्डाच्या बैठकीत हे विचारणार आहे.

पास काढला. अडचण एकच होती, साडेसहाला सुटले की माझ्या सोयीची गाडी निघून गेलेली असते. काल साहेबांना भेटले. सकाळी अर्धा तास लवकर येते, सहाला सोडा म्हटलं. आमच्या विभागातल्या आणखी तिघीही तेच मागत होत्या, त्यामुळे मार्चपर्यंत करून बघू म्हणाले. गाडीचं बुकिंग तोवर थांबवलंय.

मटारवाल्या बाईंनाही सांगितलं. त्या मांगलियालाच उतरतात, आणि स्टेशन त्यांच्या घरापासून बस थांब्यापेक्षा जवळ आहे.