[मंडळ-सर्व] रविवारी शाळेच्या वर्गात थंडी, बटण कोण दाबणार?

प्रेषक: मेधा
नमस्कार मंडळी,
काल पुन्हा तेच. ऊर्जा वाचवायला युनिव्हर्सिटी शनिवार-रविवार इमारत ५५ फॅरनहाइटवर ठेवते, आणि आपली रविवारची मराठी शाळा तिथेच भरते. खोली ३१२ मध्ये काटा ५६ वर. दुसरीची मुलं जाकीट-टोपी घालून जोडाक्षरं लिहीत होती. हातमोज्यांत पेन्सिल धरता येईना, म्हणून शेवटी वह्या मिटल्या आणि अर्धा तास कविता म्हणून घेतल्या.

भिंतीवरचं बटण दाबलं की हीटिंग दोन तास चालतं. खोली ६८ वर यायला पाऊण तास जातो, आणि शाळा अडीच तासांची. म्हणजे कोणीतरी ९ ला जाऊन दाबायचं आणि मध्यंतरात परत सगळ्या मजल्यांवर फिरायचं. दाराचं कार्ड अमोलकडे आणि माझ्याकडेच आहे. मला ९ ला निघणं अशक्य आहे, बाबांना डायलिसिसहून आणायचं असतं. पुढच्या पाच रविवारांसाठी नावं हवीत. हळदीकुंकवाच्या रविवारी तर नक्कीच, त्या दिवशी आजी-आजोबाही येतात.

प्रेषक: उदय
मेधाताई, बटण दाबायला माणूस कशाला शोधायचा? आपण खोल्यांचं भाडं भरतो. युनिव्हर्सिटीला कार्बन कमी करायचाय तर जरूर करावा, पण शिकणाऱ्यांना कुडकुडत ठेवून नाही. आज रविवारची शाळा, उद्या संध्याकाळचे तास, परवा लायब्ररी. मी कडक शब्दांत पत्र लिहायला तयार आहे. मजकूर आज रात्री इथेच टाकतो.

प्रेषक: रोहिणी
उदय, थोडं थांबावं ही विनंती. युनिव्हर्सिटीशी पत्रव्यवहार कार्यकारिणीमार्फतच होतो, हे दोन वर्षांपूर्वी पार्किंगच्या वेळी ठरलंय. तेव्हा एकाच आठवड्यात तिघांनी तीन पत्रं पाठवली आणि आपलं बुकिंग महिनाभर अडकलं होतं. मसुदा मला पाठव, मी अध्यक्षांना दाखवते.

प्रेषक: मेधा
रोहिणीताई, खोल्यांचं बुकिंग पहिल्यापासून शाळा समितीच बघते, त्यामुळे पत्र लिहायचंच असेल तर समितीच्या नावाने जावं. आणि मूळ प्रश्न तसाच आहे: या रविवारी ९ ला कोण?

प्रेषक: अमोल
या रविवारी मी येतो. पण पत्राआधी हे वाचा. माझं रोजचं काम याच इमारतींच्या कंट्रोल्सचं आहे, इथे मात्र पालक म्हणून लिहितोय.

मेधाताई ३१२ मधलं बटण दाबतात तेव्हा एकटी ३१२ गरम होत नाही. त्या अख्ख्या बाजूचा एअर हँडलर, म्हणजे हवा फिरवणारं मोठं यंत्र, चालू होतो आणि बाहेरची १५ फॅरनहाइटची हवा आत ओढून तापवायला लागतो. आपले सहा वर्ग तीन मजल्यांवर विखुरलेत. सहा बटणं दाबली की पंचवीस मुलांसाठी चारही एअर हँडलर फिरतात आणि चाळीसेक रिकाम्या खोल्या गरम होतात. हे आठवड्याला होणार असेल तर शनिवार-रविवार ५५ वर ठेवून फारसं काही वाचत नाही.

तळमजल्यावर पूर्वेच्या अंगाला १०२ ते १०८ अशा सात खोल्या आहेत. सगळ्या एकाच यंत्रावर. सहाही वर्ग तिथे आणले तर मी वेळापत्रकातच रविवार ९ ते १ टाकून घेऊ शकतो. मग बटण नको, ९ ला माणूसही नको.

प्रेषक: स्वाती
अमोलदादांचं पटलं. उदयदादांच्या भीतीबद्दल थोडं लिहिते, कारण आमच्या लॅबमध्ये हीच भीती होती.

रसायनांची लॅब असली की आतली हवा परत फिरवता येत नाही, सगळी बाहेर टाकावी लागते. तितकीच नवी हवा तापवून किंवा थंड करून आत आणायची, दिवसरात्र. फ्यूम हूड म्हणजे रसायनांची वाफ ओढून बाहेर टाकणारं काचेचं कपाट. त्याची काच उघडी राहिली तर एक हूड वर्षभरात साधारण साडेतीन घरांइतकी ऊर्जा खातो असं सांगतात. काच खाली केली, आणि हूड हवेचं प्रमाण आपोआप कमी करणारा असेल, तर त्यातली बरीच वाचते. काच खाली असल्याने कुणाचा प्रयोग अडत नाही, उलट काम करणारा जास्त सुरक्षित राहतो. हार्वर्डमध्ये यासाठी लॅब-लॅबमध्ये स्पर्धा लावल्या होत्या.

दुसरं फ्रीझरचं. नमुन्यांचा फ्रीझर उणे ८० सेल्सियसऐवजी उणे ७० वर ठेवला तर जवळजवळ एक तृतीयांश वीज वाचते. आमच्या गाइड आधी तयार नव्हत्या, बारा वर्षांचे नमुने आत होते. मग आम्ही आधी यादी केली. निम्म्या डब्यांवर लॅब सोडून गेलेल्या विद्यार्थ्यांची नावं, आणि आत काय आहे ते कुणालाच ठाऊक नाही. एक फ्रीझर पूर्ण रिकामा होऊन बंदच झाला. आता नमुना पाच मिनिटांत सापडतो. माझी पीएचडी त्यामुळे लवकर संपली, हे मी मनापासून सांगते.

प्रेषक: श्रीनिवासकाका
स्वाती, छान लिहिलंस. फ्रीझरवरून आठवलं. आम्ही न्यूयॉर्क राज्यात इथाकाला होतो तेव्हा तिथल्या कॉर्नेल युनिव्हर्सिटीने इमारतींसाठी कायुगा तळ्यातून थंडावा आणायला सुरुवात केली, २००० साली. तळ्याच्या तळाशी पाणी वर्षभर ४ सेल्सियसच्या आसपास असतं. ते वर आणायचं, कॅम्पसच्या पाण्यातली उष्णता त्याला द्यायची आणि परत तळ्यात सोडायचं. दोन्ही पाणी एकमेकांत मिसळत नाही. थंडाव्यासाठी लागणारी वीज ८० टक्क्यांहून जास्त कमी झाली. तळ्यात शेवाळ वाढेल म्हणून गावातल्या लोकांनी जोरदार विरोध केला होता, सभा रात्री उशिरापर्यंत चालायच्या. मी दोन सभांना होतो. विरोध करणारेही तळ्यावर प्रेम करणारेच होते, त्यामुळे वर्षानुवर्षं पाणी तपासत राहणं भाग पडलं. पुढे २०२२ मध्ये त्यांनी जमिनीत सुमारे ३ किलोमीटर खोल भोक पाडलं, खालच्या उष्णतेवर इमारती गरम करता येतील का ते बघायला.

आणि आमच्या पुण्यात फर्ग्युसनच्या दगडी भिंती आणि उंच छत, एप्रिलमध्येही वर्गात पंख्याशिवाय बसता यायचं.

प्रेषक: उदय
काका, दगडी भिंती मिनेसोटाच्या जानेवारीत उपयोगाच्या नाहीत!

स्वातीचं पटलं, पण मुद्दा सोडत नाही. लॅबमध्ये हवा कमी करा, ठीक. वर्गात हवा कमी केली तर? २०१६ मध्ये हार्वर्ड आणि सिरॅक्यूजच्या लोकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. २४ जणांना सहा दिवस ऑफिससारख्या खोलीत बसवून कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण बदलत ठेवलं. ९४५ पीपीएमला, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ९४५ भाग असताना, निर्णयक्षमतेचे गुण सरासरी १५ टक्के घसरले, १४०० ला ५० टक्के. आपले वर्ग एका बाजूला कोंबले, दारं बंद केली, तर मुलं पेंगणार. शिक्षणाचं नुकसान म्हणतो ते हेच.

प्रेषक: अमोल
उदय, हा मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे, आणि माझ्या खात्यातही मी यावरच भांडतो. माणसं आत असताना ताजी हवा कमी करून वाचवलेली ऊर्जा मला मान्य नाही. वाचवायचं ते रिकाम्या खोलीत. १०२ ते १०८ मध्ये सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, मोजणारे सेन्सर आहेत. आत माणसं वाढली की हवा आपोआप वाढते, खोली रिकामी झाली की उतरते. तिसऱ्या मजल्यावर ते नाहीत, तिथे उलट बटण दाबूनही मुलांना पुरेशी हवा मिळते की नाही हे मला इथे बसून दिसत नाही.

मोठा खर्च वर्गात नसतोच. आपल्याकडे इमारती गरम करायला अजून वाफ आहे. जमिनीखालचे पाईप उन्हाळ्यातही तापलेले असतात आणि वाटेतच उष्णता गळते. हिवाळ्यात पाईपांवरचं बर्फ आधी वितळतं, गवताची हिरवी पट्टी दिसते, ती तुम्ही सगळ्यांनी पाहिली असेल. व्हँकुव्हरच्या यूबीसीने (युनिव्हर्सिटी ऑफ ब्रिटिश कोलंबिया) २०११ ते २०१५ मध्ये वाफ काढून गरम पाणी आणलं. स्टॅनफर्डने २०१५ मध्ये १९८७ पासूनचा गॅसवरचा प्लांट बंद केला. एकाच दिवशी कॅम्पसवर कुठे थंडावा लागतो, कुठे गरम पाणी. थंडावा करताना जी उष्णता आकाशात फेकत होते तीच आता इमारती गरम करायला वापरतात. एक तास कमी झाला नाही, एक प्राध्यापक कमी झाला नाही. यासाठी खणायला मात्र पैसा आणि उन्हाळे लागतात. तोवर आमच्यासारख्यांच्या हातात वेळापत्रकच आहे.

प्रेषक: मेधा
अमोल, तळमजल्याला माझी एकच अडचण. बालवर्ग आत्ता ११४ मध्ये आहे कारण शेजारीच बाथरूम आहे. १०२ पासून ते कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाला. चार वर्षांची मुलं, एक शिक्षिका. एकीला न्यायचं तर बाकीची सात कोणी बघायची? वर्ग वेगळ्या मजल्यांवर ठेवायचं कारणही होतं, मोठ्यांच्या नाटकाच्या तालमीचा आवाज.

प्रेषक: अमोल
१०८ च्या समोर एक बाथरूम आहे, दारावर पाटी नाही म्हणून कुणाला माहीत नाही. बालवर्ग १०८ मध्ये, तालीम १०२ मध्ये. मधे पाच खोल्या राहतात.

प्रेषक: श्रीनिवासकाका
तालमीला मी बसतो १०२ मध्ये. आवाज चढला तर आवरेन.

प्रेषक: रोहिणी
मेधा, बुकिंगचा बदल शाळा समितीनेच कळवावा, मला फक्त प्रत पाठव. कडक पत्र नको. त्याऐवजी उदयने दोन ओळी लिहाव्यात: वर्गात सीओटू किती असतं ते युनिव्हर्सिटीने सगळ्यांना दिसेल असं लावावं. अशा पत्रावर कार्यकारिणी आनंदाने सही करेल.

प्रेषक: उदय
लिहितो. दोन ओळींचं एक पान होईल, पण लिहितो.

प्रेषक: मेधा
बुकिंग बदललं. या रविवारपासून सगळे वर्ग १०२ ते १०८, बालवर्ग १०८. वेळापत्रक पुढच्या आठवड्यात लागू होतंय, त्यामुळे या रविवारी ९ ला अमोल आहेच. या खोल्यांत खडूचा फळा नाही, शिक्षकांनी मार्कर आणावेत. हळदीकुंकवाचं वाण कॉरिडॉरमध्ये मांडू नका, तिथे हीटिंग नाही.