जुम्म्याची नमाज आणि रविवारची मिस्सा: तक्ता जुळत नाहीये

शंकेखोर:
जुम्म्याची नमाज आणि कॅथलिक चर्चमधली रविवारची मिस्सा यांचा तुलनात्मक तक्ता करतोय. वाचन, प्रवचन, प्रार्थना, उशिरा आलेला माणूस असे रकाने पाडलेत. पण खुतबा, म्हणजे इमामाचं प्रवचन, नमाजेच्या आधी येतो, मिस्सेतलं प्रवचन मध्येच. आणि उशिराच्या रकान्यात मिस्सेसमोर लिहायला ठोस काही सापडत नाही. चुकतंय कुठे?

खाडीपलीकडे:
आधी जुम्मा नीट मांडून घ्या. खुतबे दोन, मध्ये इमाम क्षणभर बसतो. मग फर्ज, म्हणजे बंधनकारक, दोनच रकात (रकात म्हणजे उभं राहणं, वाकणं, कपाळ टेकणं यांचं एक आवर्तन), त्याही जुहरच्या, म्हणजे दुपारच्या नमाजेच्या, चार रकातींऐवजी. खुतबा चालू असताना बोलायचं नाही. शेजाऱ्याला "गप्प बस" म्हणणंही बोलण्यातच धरतात.

उशिराचा रकाना एका ओळीत बसणार नाही, कारण कोकणी मुसलमान बहुतेक शाफई आणि घाटावरचे बहुतेक हनफी, असे धर्मनियमांचे दोन पंथ. इमामाबरोबर दुसऱ्या रकातीचा रुकू, म्हणजे कमरेत वाकणं, मिळाला तर दोघांच्याही मते जुम्मा मिळाला. सलामानंतर, म्हणजे मान दोन्हीकडे वळवून नमाज संपवल्यावर, उठून राहिलेली एक रकात पुरी करायची. रुकू हुकला की वाटा फुटतात. शाफई माणूस जमातीत, म्हणजे सामूहिक नमाजेत, सामील होतो, पण इमामाने सलाम फेरल्यावर जुहरच्या चार रकात पढतो. हनफी शेवटच्या बैठकीत पोचला तरी दोनच पढतो. जमातीची किमान संख्याही वेगळी: शाफईंत ४०, हनफींत इमाम सोडून ३.

इमाम चुकला तर मागून "सुब्हानल्लाह" म्हणून सावध करतात, आणि चुकीची भरपाई म्हणून शेवटी दोन जादा सजदे (कपाळ जमिनीला टेकवणं), म्हणजे सजदा-ए-सहव. जुम्म्याच्या मोठ्या गर्दीत मात्र हनफी आलिम ते टाळायला सांगतात. मागच्या सफींना, म्हणजे रांगांना, काय चाललंय ते कळत नाही, कुणी सजद्यात तर कुणी सलाम फेरून मोकळा.

वसईची वाट:
जोडीच चुकलीय. मिस्सेचा पहिला भाग तुमच्या रकान्यांत बसेल: दोन वाचनं, त्यांच्यामध्ये स्तोत्र, मग उभं राहून शुभवर्तमान, प्रवचन, श्रद्धेचा अंगीकार. रविवारची वाचनं तीन वर्षांच्या चक्राने फिरतात. पण गाभा पुढे आहे, भाकर आणि द्राक्षारसाच्या अर्पणात. त्याला दीक्षित धर्मगुरू लागतोच. इमाम आला नाही तर जमातीतला जाणकार पुढे उभा राहतो आणि नमाज होते. फादर आले नाहीत तर वाचन-प्रार्थना होईल, मिस्सा नाही.

म्हणून बिघाडही निराळा. इथे वस्तूही चुकू शकते. भाकर गव्हाचीच हवी. तांदळाची किंवा ग्लुटेन पूर्ण काढलेली चालत नाही, कमी ग्लुटेनची चालते. ती घेण्याआधी तासभर उपास, पाणी आणि औषध सोडून. पाहुणे म्हणून गेलात तर भाकर घ्यायच्या रांगेत हात पुढे करू नका, जागेवर बसलात तर कुणाला काही वाटत नाही. उशिरा येणाऱ्यासाठी रुकूसारखी काटेकोर रेघ आज नाही, तो रकाना रिकामाच सोडा.

नमाजेशेजारी ठेवायचीच तर कॅथलिकांची रोजची प्रहरांची प्रार्थना ठेवा. ठरलेल्या वेळा, ठरलेला पाठ, स्तोत्रं चार आठवड्यांच्या फेऱ्यात. फरक बंधनाचा: ती धर्मगुरूंवर बंधनकारक आहे, सामान्य माणसावर नाही. पाच वेळची नमाज प्रत्येक सज्ञान मुसलमानावर फर्ज.

पूर्वाभिमुख:
वरच्या जोडीला पुस्ती. केरळातल्या मलंकरा ऑर्थोडॉक्स परंपरेत दिवसाच्या सात प्रार्थना आहेत, तोंड पूर्वेला, आणि कपाळ जमिनीला टेकवून नमनही, विशेषतः ईस्टरआधीच्या मोठ्या उपासात. रविवारी मात्र हे नमन करत नाहीत. पुनरुत्थानाच्या दिवशी उभं राहूनच प्रार्थना करायची, हा ३२५ सालच्या नायसियाच्या परिषदेचा नियम. त्यामुळे सजद्याचा रकाना "ख्रिस्ती: नाही" असा भरलात तर चूक. किब्ल्यासमोर, म्हणजे नमाजेच्या दिशेच्या रकान्यात, नुसतं "पश्चिम"ही नको. दिशा मक्केतल्या काबेची, मुंबईहून ती पश्चिमेच्या किंचित उत्तरेला येते.

शंकेखोर:
तक्ता फाडला. प्रोटेस्टंट याच रकान्यांत बसतील?

वसईची वाट:
नाही. तिथे बऱ्याच मंडळ्यांत प्रभुभोजन, म्हणजे भाकर-द्राक्षारसाचा विधी, महिन्यातून एकदा, प्रवचन मात्र दर रविवारी, आणि चांगलं लांब.